पडद्यावरचा वेडा आणि घरातला अबोल मुलगा

वेडा माणूस कसा ओळखावा, हे आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही शिकवावे लागत नाही. सिनेमाने ते काम केव्हाच करून ठेवले आहे. केस पिंजारलेले, सदऱ्याच्या चिंध्या, हातात दगड नाहीतर काठी, घडीत खदाखदा हसणे आणि घडीत रडणे. तो पडद्यावर आला की पुढच्या रांगेतून शिट्ट्या पडतात. मग घरी आल्यावर आपणही एकमेकांना म्हणतो, "याला येरवड्याला पाठवा," नाहीतर "ठाण्याला एक खाट रिकामी आहे." येरवड्याचे मनोरुग्णालय १९१५ सालचे आणि ठाण्याचे १९०१ सालचे. शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे माणसांवर उपचार होत आले, पण आपल्या बोलण्यात त्या दोन गावांची नावे अजून थट्टेलाच येतात.

वाचकहो, कुटुंबाच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण थट्टेचे नाही. लिंबागणेश आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर समाजाचे काम करताना आम्हाला आठवी ते बारावीच्या वयाची काही मुले-मुली अशी भेटत आली की, त्यांचे काहीतरी बिनसले आहे हे शेजारणीला कळत होते, शाळेतल्या बाईंना कळत होते, पण घरच्यांना कळत नव्हते. विचारले की बाप म्हणायचा, "त्याला काय धाड भरलीय? गप गप ऱ्हातंय नुसतं. लेकरू काय वेडं हाय का?" मुलगा जेवत नव्हता, रात्र-रात्र जागा होता, अभ्यासाचे पुस्तक समोर धरून तासभर एकच पान बघत होता. पण तो दगड मारत नव्हता, कपडे फाडत नव्हता. म्हणून तो आजारी नव्हता! आम्हाला विचाराल तर हे सिनेमाचे शिक्षण आहे, आणि ते आपल्या लेकरांच्या मुळावर येत आहे.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, हेही येथेच सांगतो.) तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये शंभरात सातांहून अधिक मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की, माणसाच्या आयुष्यातले निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात. म्हणजे मुलाचा आवाज फुटतो, मुलीला पाळी येते, आपण म्हणतो 'वयच तसं हाय', नेमके त्याच वर्षांत.

आता सिनेमाने काय दाखवले ते पाहू. जुन्या हिंदी चित्रपटांत १९६९ चा 'खामोशी' आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. वहिदा रेहमानने त्यात मनोरुग्णालयातल्या नर्सचे काम केले. प्रेमभंग झालेल्या रुग्णावर नर्सने खोटे प्रेम करायचे आणि त्याने बरे व्हायचे, अशी त्यातली उपचारपद्धती! शेवटी नर्सच रुग्ण होते. अभिनयाला तोड नाही, परंतु प्रेमाने वेड जाते ही समजूत तिथून जी पसरली ती अजून गेली नाही. "लगीन लावून द्या, ठीक हुईल," हा आपल्या बायाबापड्यांचा उपाय त्याच जातीचा. १९९३ च्या 'दामिनी'मध्ये खरे बोलणाऱ्या सुनेला मनोरुग्णालयात धाडतात. म्हणजे ते ठिकाण शिक्षेचे, नकोशा माणसाला डांबण्याचे. अशा चित्रांमुळे कोणती आई आपल्या पोरीला तिथे नेईल?

२००३ साली 'तेरे नाम' आला. मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंनी केस सोडलेली पोरे तेव्हा गल्लोगल्ली दिसायची. सलमान खानचा राधे डोक्याला मार लागून वेडा होतो आणि मग त्याला साखळदंडात बांधलेले आपण पाहतो. लोक रडले. पण साखळीबद्दल कुणी प्रश्न विचारला नाही. वेड्याला बांधायचेच असते, असे सगळ्यांनी गृहीत धरले. त्याच्या दोनच वर्षे आधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली होती. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मेले. ही बातमी खरी होती आणि राधेची कथा खोटी, पण ध्यानात राहिला राधे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. सिनेमात खलनायक ज्याची भीती दाखवतो ते विजेचे झटकेही भूल दिल्याशिवाय देता येत नाहीत, आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी घेतल्याशिवाय नाहीच. हा कायदा चित्रपटवाल्यांनी वाचलेला दिसत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला सर्वांत जास्त फसवणारा चित्रपट मात्र आमच्या मते २००७ चा 'भूल भुलैया' होय. वरवर पाहता तो अंधश्रद्धेच्या विरोधात आहे. नायक मानसोपचाराचा डॉक्टर आहे, बाईला भूत लागलेले नसून आजार आहे असे तो सांगतो. छान! पण ती बरी होते कशी? डॉक्टर आणि आचार्य मिळून जो मोठा विधी उभा करतात त्याने. आता ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या भानामतीने बायका नासवल्या, तिथल्या प्रेक्षकाने यातून काय घ्यावे? डॉक्टरसुद्धा शेवटी मांत्रिकाकडेच येतो, हे! सोळा वर्षांच्या पोरीच्या अंगात येते तेव्हा तिला न विचारता ठरलेले लग्न, बंद केलेली शाळा, घरात कुणी तिचे ऐकून न घेणे, हे कुणी बघत नाही. बालविवाहासाठी आपला जिल्हा बदनाम आहे. तोंडाने नको म्हणण्याची सोय नसली की अंग बोलते. देवऋषी मात्र लिंबू कापून मोकळा होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही अंधार पडल्यावर उताऱ्याचे नारळ बाहेर जातात, हे आम्ही पाहतो आणि इथे लिहून ठेवतो. कुणाला राग आला तर येवो.

नव्या काळातल्या हिंदी चित्रपटांनी विद्यार्थ्यांच्या मनाकडे थोडे लक्ष दिले, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या 'थ्री इडियट्स'ने परीक्षेच्या घाण्यात जीव जातो हे मोठ्या लोकसंख्येसमोर प्रथम ठणकावून सांगितले. २०१९ च्या 'छिछोरे'मध्ये प्रवेशपरीक्षेत नापास झालेला मुलगा जिवावर उदार होतो, आणि बाप आपल्या वसतिगृहातल्या जुन्या मित्रांना बोलावून त्याला आपल्या पराभवाच्या गोष्टी सांगतो. बापाने पोराला आपला पराभव सांगणे, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. आपल्याकडे बाप फक्त कष्ट सांगतो. पण अडचण पुढेच आहे. दोन्ही चित्रपटांत पोर बरे होते ते यारी-दोस्ती, हशा आणि गोष्टींनी. अडीच तासांत.

आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झाले. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, मुलगा म्हाताऱ्या आजीजवळ गावात. पट्टा पडून टोळी परत आली तेव्हा नववीतला हा पोरगा कुणाशी बोलेना. आधी दोन अमावास्या देवऋषीच्या नावाने गेल्या. मग शाळेतल्या एका गुरुजींनी फार आग्रह केला म्हणून त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी तो थोडा हसला, भाकरी मागून घेतली, आणि त्याच दिवशी घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. "बरं झालंय की आता!" सिनेमात हसला की बरा होतो ना. दोन महिन्यांत तो पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. मग दुसऱ्यांदा नेले. यावेळी त्याच्या आईने मुकादमाची उचल घेतली नाही, गावातच खुरपणीला राहिली आणि दर महिन्याला त्याच्याबरोबर गाडीत बसून गेली. एका हंगामाची मजुरी बुडाली. मुलगा पुढे दहावीला बसला. या आईवर चित्रपट निघणार नाही, कारण यात गाणे टाकायला जागाच नाही!

वाचक विचारतील, मग चांगले काहीच नाही काय? आहे, आणि ते मराठीत आहे याचा आम्हाला अभिमान वाटतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने हा विषय जितक्या जिव्हाळ्याने हाताळला तितका देशात फार थोड्यांनी हाताळला असेल. सुमित्राबाई १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. त्यांचा २००४ चा 'देवराई' छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया या आजारावर आहे. अतुल कुलकर्णीचा शेष हा कुणाला दगड मारणारा वेडा नाही, तो हुशार, हळवा माणूस आहे, आणि त्याला सांभाळताना सोनाली कुलकर्णीने केलेल्या बहिणीची कशी ओढाताण होते तेही त्यात दिसते. सांभाळणाऱ्याचे हाल दाखवणारे चित्रपट आम्ही दुसरे फार पाहिले नाहीत. त्याआधी २००२ साली याच जोडीने 'दहावी फ' केला होता. गरिबाघरची, 'ढ' म्हणून एका तुकडीत कोंबलेली पोरे अपमानाने भडकून शाळेची मोडतोड करतात. शिक्षक त्यांना गुन्हेगार ठरवीत नाही आणि डोक्यावरही घेत नाही. झालेले नुकसान स्वतः कमावून भरून काढायला लावतो. आमच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांनी हा चित्रपट सक्तीने पाहावा.

परंतु ज्या दोन चित्रपटांवर आम्हाला मुख्यतः बोलायचे आहे ते म्हणजे 'विहीर' आणि 'कासव'. उमेश कुलकर्णींचा 'विहीर' २०१० साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. समीर आणि नचिकेत ही दोन एकमेकांना धरून असलेली मुले. नचिकेत समीरला सांगतो की, त्याला हे सगळे सोडून निघून जावेसे वाटते. तो ओरडून सांगत नाही, साध्या आवाजात सांगतो. घरात लग्नाची धांदल. समीरला ते कळत नाही, आणि मोठ्यांना तर ऐकायला वेळच नाही. पुढे नचिकेत विहिरीत बुडून जातो. तो अपघात होता की काय, हे चित्रपट सांगत बसत नाही. मागे राहिलेल्या समीरचे काय होते, तो कुठे कुठे त्याला शोधतो, हेच दाखवतो.

नचिकेतचे काम केले होते आलोक राजवाडे या तरुण नटाने. योगायोग पाहा, 'कासव'मध्ये तोच आहे! 'कासव'ला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, २०१७ साली, सुवर्णकमळ मिळाले. यात तो जगण्याला विटलेला तरुण आहे. इरावती हर्षेने केलेली जानकी, जी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, त्याला आपल्याबरोबर कोकणात समुद्रकाठच्या घरी नेते. ती त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. उपदेश करीत नाही. जेवण झाकून ठेवते, दार उघडे ठेवते, आणि थांबते. कासव जसे भीती वाटली की हातपाय आत ओढून घेते आणि कुणी ठोकून ते बाहेर येत नाही, तसे आहे हे. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि त्यांनी यात कामही केले आहे, म्हणून की काय, चित्रपटात कुठे खोटा चमत्कार नाही. 'विहीर'मध्ये ज्याचे कुणी ऐकले नाही तोच मुलगा सात वर्षांनी 'कासव'मध्ये कुणाला तरी सापडला, असे हे दोन चित्रपट लागोपाठ पाहताना आम्हाला वाटले.

एका पौर्णिमेला विहारात आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावून 'कासव' दाखवला. निम्मी मंडळी मधेच उठून गेली, कारण मारामारी नाही. जी बसली त्यांतल्या एका मावशीने नंतर जे विचारले ते आम्हाला अजून टोचते. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या बाईला येवढं मोठं घर हाय, समिंदर हाय, गाडीवाला हाय. आमच्या लेकराला कोण नेणार समिंदराला? आमी तर सहा म्हईने पालात." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरेच आहे. चित्रपटात ज्याचे मन दुखते तो बहुधा बंगल्यात नाहीतर फ्लॅटमध्ये राहतो. कारखान्याच्या फडावर, कोप्यांच्या रांगेत, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालते, यावर अजून कुणी कॅमेरा लावलेला आमच्या पाहण्यात नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' येथे आठवणारच. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो प्रदर्शित झाला. जब्या हाही त्याच वयाचा, अबोल, काळी चिमणी शोधणारा, शाळेतल्या मुलीसमोर डुक्कर उचलावे लागेल या भीतीने कोपऱ्यात दडणारा. शेवटी तो दगड मारतो, जो थेट आपल्या तोंडावर येतो. आता कुणी शहाणा म्हणेल की या पोराला समुपदेशनाची गरज आहे. आम्ही स्पष्ट सांगतो, जब्या आजारी नाही. आजारी आहे ते त्याला हसणारे गाव. जातीच्या अपमानाने आलेला संताप आणि मनाचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करणे काहींच्या फार सोयीचे असते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. दोन्ही वेळा 'मनाने कमजोर' म्हणणारे निघालेच. न्यायाची लढाई त्या बोलण्याने झाकू देता कामा नये. पण कार्यकर्त्यांनो, दुसरी बाजूही ऐका. अपमान सोसून सोसून माणूस खरोखर आजारी पडतो. तेव्हा त्याला मोर्चाही पाहिजे आणि डॉक्टरही पाहिजे. 'आपली पोरं वाघ आहेत, त्यांना काही होत नाही' ही भाषणातली भाषा त्या पोराला आणखी एकटे पाडते.

परदेशातही हा वाद झाला आहे. 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची अमेरिकी मालिका २०१७ साली आली. तज्ज्ञांनी आक्षेप घेतल्यावर नेटफ्लिक्सने २०१९ च्या जुलैमध्ये त्यातले मृत्यूचे दृश्य काढून टाकले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट-नाटकवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा सांगावा थोडक्यात असा की, जीव देण्याची रीत दाखवू नका, तो मोठेपणा किंवा सूड म्हणून रंगवू नका, आणि माणूस त्यातून सावरतो हे दाखवा. आपल्याकडे याची किती गरज आहे ते सरकारी आकडेच सांगतात. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक.

आमच्या बौद्ध घरांत पटाचारेची गोष्ट ठाऊक आहे. नवरा, दोन्ही लेकरे, आईबाप सगळे एका पाठोपाठ गेले आणि ती भान हरपून उघडी-वाघडी श्रावस्तीत फिरू लागली. लोक वेडी म्हणून तिला हाकलत होते, तिच्यावर कचरा फेकत होते. जेतवनात आली तेव्हाही लोक अडवू लागले. तथागतांनी अडवू दिले नाही. तिला बहीण म्हणून भानावर यायला सांगितले, कुणी तरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले, आणि मग तिचे सारे दुःख ऐकून घेतले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात साखळी नाही, चाबूक नाही, मंत्र नाही. कुण्या दिग्दर्शकाला विषय हवा असेल तर हा घ्यावा.

आता कामाचे बोलतो. मुलगा किंवा मुलगी दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प असेल, झोप-जेवण बिघडले असेल, आवडता खेळ सोडला असेल, चिडचिड वाढली असेल, 'मी नसतो तर बरं' असे काही बोलत असेल, तर त्याला 'नाटकं करतोय' म्हणू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवा. आणि पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा मानतो. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यावेत असे तो सांगतो.

बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. लिंबागणेशहून मांजरसुंब्यावर आले की केजमार्गे अंबाजोगाईची गाडी मिळते. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांचा वेगळा विभाग आहे. जाणे जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीतून बोलता येते. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि गुण आला तरी डॉक्टरने सांगितल्याशिवाय त्या बंद करायच्या नाहीत. जुनी चिठ्ठी जपून ठेवा, पुढच्या खेपेला तीच आधी मागतात.

विहारात पुढच्या पौर्णिमेला 'दहावी फ' लावणार आहोत. पोरांनी आधी विचारून घेतले आहे की त्यात मारामारी आहे का. आम्ही सांगितले, थोडी आहे.